कॅमेऱ्यात न येणारा तडा

केबलची वायर आमच्या चिकूच्या झाडावरून नेली म्हणून मी एका माणसाला फाटकाशी उभं करून झापलं, आणि त्याने मला बातम्या वाचायला बोलावलं. माझ्या वृत्तनिवेदनाची सुरुवात ही अशी. दोन हजार चौदा साल होतं. तो माणूस म्हणजे डहाणूतला गुजराती केबलवाला शेठ. तारेवरून, शिडीवरून, मोडलेल्या फांदीवरून मी जे जे बोलले ते त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बेन, आवाज एकदम क्लिअर आहे तुमचा. मी लोकल न्यूज चालू करतोय. येणार काय?”

मी हो म्हटलं. नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलं. तो म्हणाला, “जा की. घरात फुकट ऐकतो ते गावाने पण ऐकू दे.” आमची वाडी डहाणूजवळच्या आगरला. चिकूची झाडं नवरा बघायचा, निवडायला बसणाऱ्या बायकांकडे मी बघायचे. दुपारपर्यंत चिकू, संध्याकाळी बातम्या, असं माझं चालू झालं. चिकूचा चीक एकदा हाताला लागला की काळा पडतो आणि आठवडाभर जात नाही. म्हणून मी बातम्या वाचताना हात टेबलाखाली ठेवायचे. लोकांना वाटायचं, काय शिस्तीत बसते बाई.

त्या निवडणाऱ्या बायकांत एक तलासरीकडच्या उधव्याच्या पुढच्या पाड्यावरची होती. आम्ही तिला उधव्याचीच म्हणायचो. माझ्याच वयाची, नवरा गेलेला, एक मुलगी होती ती गुजरातेत कंपनीत कामाला, आणि त्या मुलीची दोन पोरं हिच्यापाशी. आठवडाभर आमच्या वाडीवर राहायची, शनिवारी एसटीने घरी जायची. तोवर पोरांकडे तिची जाऊ बघायची. तिच्या त्या आठवड्याच्या जाण्यायेण्यातून तिने दोन खोल्यांचं पक्कं घर उभं केलं होतं. घरकुल मंजूर झालं, पण विटा तिने स्वतः डोक्यावर वाहिल्या, पाणीही तिनेच मारलं. भिंतीला पांढरा चुना लावला तेव्हा मला म्हणाली, “बाय, आता मी मेली तरी चालेल, पण भिंतीत मरंन.” ती सगळ्यांनाच अरे-तुरे करायची, मलाही, सरकारी साहेबालाही. त्यांच्याकडे तशीच रीत आहे. मी हे सगळं सांगते आहे ते तिच्या ह्या घरासाठी. बाकी माझं कौतुक कोण ऐकून घेणार.

सुरुवातीला आमच्या बातम्या खऱ्या होत्या. ह्यात आमचा काही मोठेपणा नव्हता, खोटं बोलण्याइतकी आमच्याकडे बातमीच नव्हती. उद्या लाइट जाणार. दहावीचा निकाल. रेल्वेचं फाटक दुरुस्तीसाठी बंद. एकाची म्हैस हरवली, ती आम्ही सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी ती सापडली. त्या म्हशीने आम्हाला जेवढी पत मिळवून दिली तेवढी पुढे कुठल्याही मंत्र्याने दिली नाही. बाजारात मासळी घ्यायला गेले तर कोळणी वाटा मोठा लावायच्या. हळदीकुंकवाला मला पुढच्या खुर्चीत बसवायचे. उधव्याची तर आमच्या पडवीतल्या टीव्हीसमोर उकिडवी बसून बघायची आणि मी घरी आल्यावर मलाच माझी बातमी सांगायची. “बाय, उद्या लाइट जानार हाय. टीव्हीत सांगितला.” मी म्हणायचे, “अगं, मीच सांगितलं ना?” तर म्हणायची, “तू नुसती बोलतेस. टीव्हीत आला म्हंजे खरा.”

मला हे आवडायचं. आता तरी खोटं कशाला बोलू? फार आवडायचं.

मग हळूहळू शेठच्या डोक्यात चॅनेल भिनलं. पहिल्यांदा साडी आली. स्टेशन रोडवर मोबाईलच्या दुकानावर एक खोली, निळा पडदा, एक टेबल, हा आमचा स्टुडिओ. पंखा लावला तर आवाज येतो म्हणून बंद, त्यामुळे घाम निथळायचा, आणि वर ती दुकानातली जरीची साडी, वापस करायची असल्यामुळे घाम लागू द्यायचा नाही. खाली पट्टीवर साडीवाल्याचं नाव फिरायचं. साडीपर्यंत ठीक होतं. पण मग पुढाऱ्यांचे वाढदिवस बातमी झाले. कुणाचा वाढदिवस असला की “तालुक्यात उत्साहाचं वातावरण” असायचं. तालुक्यात मी पण राहत होते. मला तरी उत्साह आलेला आठवत नाही.

आमचा कॅमेरावाला मूळचा लग्नाचे व्हिडिओ काढणारा. माणूस कष्टाळू, पण हात लग्नाला सवकलेला. अपघाताची बातमी असली तरी एक दृश्य संपून दुसरं येताना मधे गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. मी त्याला म्हटलं, अरे, ट्रक उलटलाय, पाकळ्या काय पाडतोस? तर म्हणाला, “ताई, त्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढंच आहे. नाहीतर बदाम येतो.” म्हटलं, मग पाकळ्याच राहू देत बाबा.

हसण्यावारी गेलं ते. पण निवडणुकीत शेठने एकाच गर्दीचं दृश्य दोन विरुद्ध उमेदवारांच्या सभेला लावलं. दोघांनाही “प्रचंड प्रतिसाद”. त्या गर्दीत पुढे एक रिक्षावाला डोक्याला पंचा बांधून टाळ्या वाजवत होता. दुसऱ्या दिवशी नाक्यावर त्याने मला गाठलं. “ताई, मी ज्या सभेला गेलोच नाही तिथे पण टाळ्या वाजवतोय. घरी बायको विचारते, दोन्हीकडे जेवलात तर डबा का मागवलात?” आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसले. हसायला काय जातं, आणि दुसरं करणार तरी काय होते?

मग एका रस्त्याचं काम पूर्ण झाल्याची बातमी मी वाचली. ठेकेदाराची जाहिरात होती, त्यामुळे काम पूर्ण झालेलंच होतं. मी ती वाचत होते त्या वेळी माझा नवरा त्याच रस्त्यावर चिकूच्या पेट्या भरलेला टेम्पो घेऊन पंक्चर काढत उभा होता. घरी आला, हातपाय धुतले, टीव्ही लावला, तर पुनःप्रक्षेपणात मी रस्ता पूर्ण झाल्याचं सांगत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, आणि टीव्हीतल्या मला म्हणाला, “बाई, तुमच्या रस्त्यावरून एकदा आम्हाला पण न्या.” तो रागावला असता तर बरं झालं असतं.

मी शेठशी भांडले. तो म्हणाला, “बेन, लोक बघतात ना? मग झालं तर.” आणि लोक बघतच होते, हीच तर गंमत. जितका विश्वास कमी होत गेला तितके बघणारे वाढले. चहाच्या टपरीवर सातच्या बातम्या लावून माणसं पैजा मारायची, आज काय फेकतात म्हणून. आम्हाला वाटायचं, काय लोकप्रिय आहोत आपण.

उधव्याची मात्र अजून उकिडवी बसून ऐकायची. तिला रस्ता कुठला, ठेकेदार कोण, काही ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी सगळ्या तालुक्यात खरं बोलणारी अशी एक वस्तू होती, आणि ती आमच्या पडवीत होती.

दोन हजार अठराची दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली. आधी लोकांना वाटलं डंपर गेला. मग वाटलं कुठेतरी खाणीत सुरुंग लावलाय. पण डंपर काही दिवसातून चार वेळा मांडणीवरची भांडी वाजवत नाही. आमच्या आगरला नुसतं खाट हलल्यासारखं व्हायचं. तलासरीकडे मात्र जमिनीतून गडगडाट यायचा, आणि मग भिंती. शाळा मैदानात भरायला लागली. थंडीचे दिवस, आणि पाड्यापाड्यांतली माणसं पक्कं घर सोडून अंगणात ताडपत्रीखाली झोपायला लागली. ज्यांची कुडाची घरं होती ती निवांत होती. कूड हलतो आणि परत उभा राहतो. सिमेंटवाल्यांची पंचाईत झाली.

शेठची मात्र दिवाळी लांबली. “बेन, देवाने न्यूज दिली,” म्हणाला. त्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मग मोठ्या मोठ्या चॅनेलच्या गाड्या आल्या, छत्रीएवढे माईक घेऊन पोरंपोरी शेतात उभी राहून ओरडायला लागली. शेठ चिडला. आपल्या तालुक्याचा भूकंप आणि मुंबईवाले घेऊन जातात म्हणजे काय? त्याने कॅमेरावाल्याला सांगितलं, “मला तडे पाहिजेत. मोठे.”

त्याच आठवड्यात शनिवारी गेलेली उधव्याची सोमवारी आली नाही, बुधवारी आली. हात धुऊन चिकूपाशी बसली नाही, सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. घराला तडा गेला होता. खिडकीच्या कोपऱ्यापासून खालच्या जमिनीपर्यंत. “हात घातला की भायेर निघतं, बाय.” पोरांना घेऊन ती अंगणात झोपत होती. पंचनामा करणारे येणार होते, पण पाडे पुष्कळ आणि साहेब मोजके. तडा लिहून घेतला तरच घर दुरुस्त होणार, नाहीतर पावसाळ्यात भिंत बसणार, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. “तू टीव्हीत दाखव,” ती म्हणाली. “टीव्हीत आला म्हंजे सायेबाला खरा वाटंल.”

मी म्हटलं, “दाखवते. माझा शब्द.” पाच वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं की ह्या कामाचा कुणाला उपयोग आहे.

ती लगेच एसटीने पोरांपाशी परत गेली, आणि दुसऱ्याच दिवशी मी आणि कॅमेरावाला मोटरसायकलवरून तिच्या पाड्यावर गेलो. घर तिने सांगितलं तसंच होतं. आतली भांडीकुंडी बाहेर आणून मांडलेली, पोरं ताडपत्रीखाली, आणि आत ती पांढरी भिंत. तडा खरोखरच खिडकीपासून जमिनीपर्यंत गेला होता. मी त्यात हात घातला. पलीकडचं ऊन बोटांना लागलं. भीती वाटली मला. तिथे उभं राहवेना.

कॅमेरावाला मात्र इकडून तिकडून बघत होता. खाली बसला, वर चढला, शेवटी म्हणाला, “ताई, हा कॅमेऱ्यात येत नाही.” म्हटलं, “येत नाही म्हणजे? एवढा हात जातोय!” तर म्हणाला, “पांढरी भिंत, मागून ऊन, सगळं फटफटीत दिसतं. तडा असा काळा पाहिजे, रुंद पाहिजे.” मी म्हटलं, जसा आहे तसा घे. त्याने घेतला. तिचं बोलणंही घेतलं. ती कॅमेऱ्यासमोर पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, “सायेब, ये माजा घर. तू ये नि बघ.” एवढंच. फार चांगलं बोलली.

परतताना रस्त्याला एक जुनं पडीक पंपघर लागलं. दार नाही, छप्पर अर्धं, आणि भिंतीला वरपासून खालपर्यंत हा एवढा काळाशार तडा. कॅमेरावाल्याने मोटरसायकल थांबवली. म्हणाला, “ताई, दोन मिनिटं, नुसतं घेऊन ठेवतो.” मी रस्त्यावर उभी राहून पाणी पीत होते. मी बघितलं त्याला घेताना. काही बोलले नाही. उन्हाने डोकं दुखत होतं, असं मी स्वतःला पुढे पुष्कळ वेळा सांगितलं.

आमच्याकडे पद्धत अशी, की मी आधी बातमी वाचून घरी जायची आणि चित्रं मागाहून जोडली जायची. त्यामुळे मी वाचलेल्या बातम्या मीही लोकांसारख्याच घरी बघायचे. त्या संध्याकाळी सात वाजता आम्ही दोघं आणि वाडीवरच्या बायका पडवीत बसलो. उधव्याची पाड्यावरच होती. मी पडद्यावर म्हणाले, “भूकंपाच्या धक्क्याने घराला भलं मोठं भगदाड.” तिचा चेहरा आला. “सायेब, ये माजा घर.” आणि पाकळ्या पडल्या, आणि घर म्हणून पंपघराची भिंत आली. चित्र हलवून सोडलं होतं, भूकंप चालू असल्यासारखं. तड्याभोवती लाल गोल. आणि त्या लाल गोलाच्या बरोबर मध्ये, तड्यातून बाहेर, चांगला हातभर वाढलेला पिंपळ. पालवी फुटलेला.

वाडीवरच्या बायका पुढे सरकून बघायला लागल्या. मग नवरा म्हणाला, “भूकंप गेल्या आठवड्यातला ना?”

मी शेठला फोन लावला. तो म्हणाला, “कॅमेरावाला बोलला, तिचा तडा फोटोजेनिक नाय. ह्याच्यात काय मोठं? तडा तो तडा.” मी म्हटलं, शेठ, त्यात झाड आहे. तो म्हणाला, “दहाच्या रिपीटला कोण एवढं बघतो, बेन.” मी त्याला रिपीट काढून टाक असं निक्षून सांगू शकले असते. स्टुडिओपर्यंत रिक्षाने दहा मिनिटं लागतात. गेले नाही. नवरा बघतोय, बायका बघतायत, आता उठून गेले तर चूक कबूल केल्यासारखं होईल, म्हणून बसून राहिले. बातमी दहाला पुन्हा लागली, सकाळी पुन्हा लागली.

दुसऱ्या दिवशी बाजारात भाजीवाल्याने विचारलं, “काय ताई, तलासरीची माती एवढी सुपीक? आठ दिवसांत पिंपळ?” कोथिंबीरवालीने विचारलं. बँकेत शिपायाने विचारलं. मोबाईलवर ते चित्र फिरायला लागलं. कुणी त्या पिंपळाला पार बांधला, कुणी खाली मारुती बसवला. चॅनेलचं हसं झालं, तेही मी पचवलं असतं. पण त्या चित्राच्या शेजारी प्रत्येक वेळी तिचा चेहरा होता. पदर सावरून उभी असलेली.

उधव्याच्या आठवडी बाजारात तिला बायकांनी विचारलं, तुझ्या घरात पिंपळ, मग पूजा कधी घालतेस? आणि पुढच्या सोमवारी पंचनामा करणारे तिच्या पाड्यावर आले. शेजारची तीन घरं लिहिली. हिच्या दारापाशी आल्यावर त्यांच्यातला एक जण हसून म्हणाला, ही ती टीव्हीवाली, हिचं राहू दे, मागाहून बघू. ती म्हणाली, आत येऊन बघ तरी. पण उन्हं उतरायला आली होती आणि पुढे दोन पाडे व्हायचे होते. नाटक करणाऱ्यांसाठी वेळ नव्हता. ते गेले.

हे सगळं तिने मला चिकू निवडता निवडता सांगितलं. मोठा एकीकडे, लहान एकीकडे, फुटका टोपलीत. रडली नाही, रागावली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. शेवटी एवढंच म्हणाली, “तुजं खोटं नव्हतं, बाय. तू तं हात घातलेला.” मला भर दुपारी, सगळ्या बायकांसमोर, रडू आलं. चिकाने काळे झालेले हात तोंडाला लावता येईनात.

उठले ती थेट स्टुडिओत गेले. म्हटलं, शेठ, खुलासा करायचा. आपण दाखवलेली भिंत त्या घराची नव्हती, घराचा तडा खरा आहे, असं मी वाचणार. तो म्हणाला, “बेन, एक चूक सांगितली की लोक बाकीच्या पण मोजायला लागतात.” मी म्हटलं, लोकांनी केव्हाच मोजल्यात. तुमचीच मोजणी राहिली आहे. मी वाचलं नाही तर उद्यापासून येत नाही, आणि तुमची साडी, पट्टी, पाकळ्या सगळं तुम्हाला लखलाभ. तो घाबरला. माझ्या आवाजाला घाबरला असेल, पहिल्या दिवसापासून त्याला ह्या आवाजाची किंमत माहीत होती. मी खुलासा वाचला, आणि खरी भिंतही दाखवायला लावली, फटफटीत तर फटफटीत. पाकळ्या नकोत म्हणून बजावलं. बदाम आला.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेले तर तोच भाजीवाला जवळ आला. मला वाटलं आता तरी म्हणेल, बरं केलंत. तो आवाज खाली करून म्हणाला, “दबाव आला ना वरून?”

म्हटलं, “कसला दबाव?”

“नाही, आम्हाला कळतं ताई. आधी मोठा तडा दाखवला, मग खुलासा करून बारीक दाखवला. नुकसान कमी दाखवायचंय त्यांना. पिंपळच खरा होता.”

कोथिंबीरवालीनेही मान हलवली. काल ज्या पिंपळाला हसून हसून ह्यांच्या पोटात दुखलं होतं त्याच्या बाजूने आज सगळा बाजार उभा राहिला. आम्ही खोटं बोललो तेव्हा त्यांना ते खोटं कळलं, आणि खरं बोललो तेव्हा त्यातलं खोटं शोधायला ते बसले. त्यांची काय चूक? पाच वर्षं आम्ही त्यांच्याकडून हाच सराव करून घेतला होता. मी भाजी न घेताच घरी आले.

खुलाशाचा उधव्याचीला काही उपयोग झाला नाही. तिकडे तो कोणी बघितला नाही, आणि ज्यांनी बघितला त्यांच्यासाठी ती आता दोनदा टीव्हीवर आलेली बाई होती. जमीन हलतच होती. दर शनिवारी ती गेली की मी सोमवारची वाट बघायचे, भिंत पडली की काय म्हणून.

तीन आठवड्यांनी तिने सांगितलं, राहिलेली घरं बघायला परत साहेब येणार आहेत, नवे आहेत, आधीचे नव्हेत. “तू येशील?” म्हणाली. “शिकलेला मानूस संगं असला म्हंजे सायेब नीट बोलते.” आणि थोडं थांबून म्हणाली, “पन असाच ये. वाडीतला कपडा.” मी चिकाचे डाग पडलेली घरातली साडी नेसून, केसांना नुसती गाठ मारून एसटीने गेले. एवढ्या वर्षांत मला कोणी टीव्हीवर दिसू नकोस म्हणून बोलावलं नव्हतं.

साहेब दुपारी आले. तरुण होते, धुळीने भरलेले, बरोबर एक कागदवाला आणि टेप. आधीच्या घरी काम आटपून तिच्या अंगणात आले आणि कागद बघून थबकले. “हे टीव्हीवर आलेलं घर का? पिंपळवालं?”

मी बोलायला तोंड उघडलं. माझ्याजवळ सगळं तयार होतं, खुलासा, पंपघर, तारीखवार. एसटीत मनाशी घोकत आले होते, सात वाजता वाचते तसं.

ती माझ्याआधी बोलली. “नाय सायेब. ता घर निराला. आमचेकडं कोनी टीव्हीवाला आलाच नाय.” डोळ्याची पापणी हलली नाही. त्या साहेबाने तो व्हिडिओ नीट पाहिला असता तर तिचा चेहरा त्यात होता. त्याने पिंपळच पाहिला असावा. सगळ्यांनी पिंपळच पाहिला होता.

“ह्या कोण मग?” त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“ही आगरची. मी हिचे वाडीवर चिकू निवडाला जाते.”

साहेबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “तुम्हाला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय. आवाज पण…” आवाज कुठला, मी अजून एक शब्द बोलले नव्हते. दमले असतील बिचारे. मी आवाज बसल्यासारखा बारीक केला आणि म्हटलं, “चिकूच्या बाजारात पाहिलं असेल, साहेब.” आणि हात पुढे केले. पाच वर्षं टेबलाखाली लपवलेले माझे दोन्ही काळे हात त्यांनी बघितले, आणि त्यांची खात्री पटली.

ते आत गेले. तड्यात हात घातला, तो बाहेर निघाला. “बाप रे,” म्हणाले. टेप लावली, कागदवाल्याने लिहिलं, फोटो काढला. तो त्यांच्या साध्या मोबाईलमध्ये बरोबर आला. तिचा अंगठा घेतला, साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. व्यवसाय म्हणून मी शेती लिहिलं.

ते पुढच्या घराकडे गेल्यावर मी आनंदाने तिला म्हटलं, “झालं बघ. उद्याच्या बातम्यांत सांगते, उधव्याच्या पाड्यावरचे राहिलेले पंचनामे पूर्ण. हे तरी खरं आहे.”

ती भांडी आवरत होती. हातातलं पातेलं खाली ठेवून माझ्यापाशी आली आणि पहिल्यांदाच मला हात जोडले.

“नको बाय. तू सांगितलीस तं परत खोटा होल.”

मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता मी जरीची साडी नेसून दोन वाढदिवस आणि एक उद्घाटन वाचलं, आणि पंचनाम्याची बातमी वाचली नाही.